गच्चीवरचा वाफा

मुलींचं वसतिगृह,
करंजमाळ (आटपाडीच्या पुढं)
गुरुवार, दुपार

प्रिय सोनू,

रविवारी तुझ्या गच्चीला पुरस्कार द्यायच्या कार्यक्रमाची पत्रिका काल ऑफिसात आली. गुळगुळीत कागद, वर आपल्या वसतिगृहाच्या गच्चीचा फोटो, आणि खाली ठसठशीत अक्षरात 'वास्तुरचनाकार कु. सोनिया आप्पासो मेटकरी'. शिपायानं ती माझ्यापुढं अशी ठेवली, जणू लग्नाचीच पत्रिका. म्हणाला, बाई, पेढे पाहिजेत. मी त्याला पेढे आणायला पैसे दिले, दार लावून घेतलं आणि ती पत्रिका पालथी घातली. पोरीचं नाव छापलेलं बघून आईला शिसारी यावी, ह्याच्यापेक्षा वाईट काय असतं गं? फोनवर हे बोलता येत नाही. मी तोंड उघडलं की तू म्हणतेस, आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करते. तुझं 'नंतर' काही येत नाही आणि माझा राग घशातच राहतो. तुझा चुलतभाऊ अमृत संध्याकाळी डाळिंबाची गाडी घेऊन पुण्याला निघालाय, त्याच्याकडं हे पत्र देते. मीटिंग संपली की वाच.

आधी सरळ सांगते. त्या फोटोतली हिरवळ मुलींच्या अंघोळीच्या पाण्यावर उभी आहे. टँकर येतो, खालची टाकी भरते, आणि मुली बादल्या घेऊन यायच्या आत मोटर चालू होऊन पाणी सरळ गच्चीवर जातं. वर देऊन उरलं तर नळाला. दोघी-दोघींत एक बादली. संडासाचं मी लिहिणार नव्हते, पण पत्रिकेवर 'स्वच्छ परिसर, हरित परिसर' असं छापलंय, म्हणून लिहिते. सकाळी नाकाला पदर लावून मी त्या रांगेत उभी राहते आणि कुणी किती तांबे पाणी घेतलं त्यावर नजर ठेवते. रेक्टर म्हणून इतकी वर्षं काढली आणि आता हे काम माझ्या नशिबी आलं. पाळी आलेल्या मुलींचे हाल तर विचारू नकोस. परवा एका खोलीत शिरले आणि वासानं तशीच मागं फिरले. वर त्या पोरींवरच ओरडले. त्या बिचाऱ्या खाली मान घालून उभ्या. मग माझीच मला लाज वाटली.

तुला हे सगळं मी समजावून सांगायला नको. तू ह्याच इमारतीत वाढलीस. मी रेक्टर असून तुला माझ्या खोलीत कधी झोपू दिलं नाही, बाकीच्या पोरींत राहा म्हटलं. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली तुझी. चैत्र लागला की स्लॅब दिवसभर तापायचा आणि अंधार पडला तरी चुलीवरच्या तव्यासारखा धग सोडत राहायचा. तुम्ही पोरी फरशीवर पाणी ओतून तसंच तिच्यावर अंग टाकायच्या. तुझ्या पाठीवर गळवं उठली होती, आठवतं का? मी हळद लावत होते आणि तू रडत रडत विचारत होतीस, आई, माळावर बाभळीखाली बरं असतं आणि ह्या पक्क्या इमारतीत भाजतं, मग पक्की इमारत बांधायचीच कशाला? मी म्हटलं, गप झोप, शहाणी. पण तू काही विसरली नाहीस. पुण्याला गेलीस, शिकलीस, आणि पहिलं स्वतःचं काम म्हणून हीच गच्ची मागून घेतलीस. त्या दिवशी मला काय वाटलं होतं ते मी तुला कधी सांगितलं नाही. आज तर सांगवतही नाही.

किती साधं होतं तुझं ते काम! आधी पाणी मुरू नये म्हणून जाड थर, वर बारीक खडी, वर वीतभर माती आणि मातीत आपल्याच माळावरचं गवत. पवना, मारवेल, असलं. तू आप्पांना बसवून समजावलंस की आप्पा, लॉन नको, लॉनला पाणी लागतं. आपलं गवत पावसाळ्यात प्यायचं तेवढं पितं, दिवाळीनंतर वाळतं, वाळलं तरी मातीवर सावली धरून राहतं, आणि वळवाचा पाऊस झाला की परत फुटतं. आप्पांना हे नवीन नव्हतंच, पण आपली पोरगी आपल्याला माळाची गोष्ट सांगते ह्याचंच त्यांना एवढं कौतुक की तोंडाचा आ करून ऐकत बसले. मग धोतर खोचून माळभर हिंडले आणि पोत्यानं बी आणलं. त्यात टोचणाऱ्या कुसळाचंही बी मिसळून आणलं, ते तू निवडून फेकलंस म्हणून रुसले. आणि एवढं करून गप बसतील तर ते आप्पा कसले? आपल्याकडं रानाला खत हवं असलं की मेंढरं बसवतात, मग गच्चीनंच काय घोडं मारलंय, म्हणून एक दिवस चार मेंढरं जिन्यानं वर चढवली! ती वर आरामात बसली, खाली उतरायला तयार नाहीत. पोरी एकेका मेंढराला उचलून खाली आणत होत्या, लेंड्या पायरीपायरीवर, आणि आप्पा खालून ओरडत होते, आगं दमानं, गाभण हाय ती! तू जिन्यातच पोट धरून बसली होतीस. तेवढी हसलेली तू मला नंतर दिसली नाहीस.

आणि गच्चीनं काम केलं, सोनू. पहिल्याच उन्हाळ्यात केलं. वरच्या मजल्यावर जायला पोरी भांडायला लागल्या. आधी शिक्षा म्हणून जिथं पाठवायचे ती खोली मागायला लागल्या. फाल्गुनात गवत पिवळंधमक झालं, वाऱ्यावर लवायचं, आणि खाली पोरी सकाळची घंटा होईपर्यंत घोरायच्या. टँकरचा एक थेंब तिकडं गेला नाही. आटपाडीचे डॉक्टर येऊन बघून गेले, दवाखान्याच्या गच्चीवर करतो म्हणाले. कापडवाले आले, एक लॉजवाला आला. तू म्हणायचीस, आई, आपल्या दुष्काळी गावांतनी आता सगळा स्लॅबच स्लॅब झालाय, नुसत्या गच्च्या झाकल्या तरी सगळं गाव निवेल. मला खरंच वाटलं होतं की होईल.

मग आले आपले अध्यक्ष लालासाहेब. माणूस वाईट म्हणवत नाही. संस्था उभी केली, माळावरच्या पोरींना शिकवलं, हे सगळं खरं. पण माणूस कृष्णाकाठचा, जन्म उसात गेलेला. त्यांना पिवळं पान दिसलं की हात मोटरीच्या बटणाकडं जातो. पुरस्काराची कुणकुण लागल्यावर पौष महिन्यात गच्ची बघायला आले आणि जिन्याच्या तोंडालाच थबकले. म्हणाले, आवं बाई, ह्ये काय, गच्चीवर वैरण वाळत घातलीया व्हय? मंत्री येणार आन् आपण त्यास्नी कडबा दावायचा? मी सांगितलं की साहेब, ते मेलेलं नाही, झोपलंय, ते असंच असतं. ते हसले. बाई, तुमी माळावरची मानसं, तुमास्नी वाळलेलंच ग्वाड लागतंय, असं म्हणाले, आणि सोबतची चार टाळकी खिदळली. मी हसून घेतलं. ते हसू अजून माझ्या तोंडात कडू लागतंय.

आठवड्यात गवत उपटून गेटाबाहेर फेकलं. त्यांच्या रानातले गडी आले, आणि गच्चीवर त्यांनी काय केलं माहीत आहे का? वाफे पाडले! उसाला पाडतात तसे. फावड्यानं वरंबे ओढले, आणि ओढता ओढता खालचा तुझा तो पाणी अडवायचा थर जागोजाग फाडला. पाणी वाहून जायच्या भोकांत पोत्याचे बोळे कोंबले, पाणी टिकायला हवं म्हणून. वर विकत आणलेली लॉनची हिरवळ अंथरली आणि दिलं सोडून पाटपाणी. लालासाहेब कमरेवर हात ठेवून उभे. ऊस काय आन् गवत काय, पान्याला हात आखडायचा न्हाई, म्हणाले. गच्ची झाली तळं. वरनं ऊन, खाली पाणी साठून तापलेलं, मुळं उकडून कुजली आणि हिरवळ पिवळी पडायला लागली. पिवळी दिसली की आणखी पाणी. आणखी कुजली, आणखी पाणी. असली चूक उसाच्या माणसाशिवाय कुणाला जमायची नाही. डास एवढे की संध्याकाळी पोरी पुस्तकानं हवा झोडतात, आणि वास म्हणजे मेलेला बेडूक पिशवीत घालून विसरावा तसा. पत्रिकेवरच्या फोटोला वास नसतो, म्हणून बरं.

तुला वाटेल की फोटोत तर छान हिरवं दिसतंय. दिसणारच. रंग मारलाय, बाई, रंग! फवारायच्या पंपात हिरवा रंग कालवून सगळ्या कुजलेल्या हिरवळीवर मारला, फोटोवाला यायच्या आदल्या दिवशी. मी जिन्यात उभी राहून बघत होते आणि मला माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. गवताला रंग! आप्पांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, मेंढरानं त्ये खाल्लं तर मरंल की गं. दुसऱ्या दिवशी परत पाणी सोडलं. आणि तुझ्या त्या कोपऱ्यातल्या खोलीत छतातनं हिरवं पाणी गळायला लागलं.

त्या खोलीत आता उत्कर्षा राहते. जतकडची, नववीतली, बारीक, कमी बोलणारी. तिची खाट बरोबर गळतीखाली येते आणि खोलीत दुसरीकडं सरकवायला जागा नाही. ती उशाशी घमेलं ठेवून झोपते. शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर हिरवे डाग, उशीवर हिरवे डाग. मुली तिला हिरवी हिरवी म्हणून चिडवतात, आणि तीही हसते, कारण करणार काय? मागल्या सोमवारी छताचा गिलावा सुटून तिच्या ट्रंकेवर पडला. ती अंघोळीच्या रांगेत होती म्हणून वाचली. नुसता गिलावा नव्हता सोनू, आत गंजलेली सळई दिसते. त्या वीतभर मातीच्या जागी तिथं आता चिखलाचा केवढा भार बसलाय हे तूच मला सांगू शकतेस, मी तर मराठी शिकवायची. मी लालासाहेबांना दाखवायला नेलं. त्यांनी मान वर करून बघितलं, बघायला पाहिजे म्हणाले, आणि गड्याला सांगितलं की रविवारपतुर एक प्लास्टिक बांधून घे खालनं. पोरीला दुसरी खोली द्या म्हटलं तर म्हणाले, आता पाव्हण्यांच्या तोंडावर हलवाहलव नको. थूत असल्या कार्यक्रमावर!

मी तिला माझ्या खोलीत आणली आहे. तुला नव्हतं आणलं, तिला आणली. पण माझ्या खोलीत आणखी जागा नाही, बाकीच्या दोघी अजून तिथंच आहेत, आणि त्यांच्यावरचा स्लॅब भिजून जड झालाय.

आणखी एक सांगते, ते तुला माझ्यापेक्षा जास्त लागायला पाहिजे. आटपाडीचे डॉक्टर परवा भेटले. मी गच्चीचं विचारलं, तर हात जोडले. म्हणाले, बाई, ते टँकरवाल्या मोठ्या लोकांचं काम, आम्हाला परवडत नाही, शिवाय छत गळतं. लॉजवाल्यानं तर गच्चीवर पत्रा मारला. आता ह्या भागात कुणी दहा वर्षं गच्चीवर मूठभर माती टाकायला धजणार नाही. तुझं सगळं खरं असून खोटं ठरलं, आणि ते खोटं ठरवणाऱ्यांच्या मधोमध रविवारी तू फेटा बांधून बसणार.

आता ज्या गोष्टीसाठी मघापासून इकडचं तिकडचं लिहितेय तिच्याकडं येते. होळीच्या सुमारास तू येऊन गेलीस. पाचगणीला जायचंय, लालासाहेबांच्या नव्या शाळेचं काम बघायचंय, उशीर होतोय, असं म्हणत ऑफिसात चहा घेतलास. आप्पा म्हणाले, चल, गच्ची बघ की. तू म्हणालीस, पुढच्या वेळी. मला तेव्हाच खटकलं. ज्या पोरीनं ह्या गच्चीचं एक एक घमेलं स्वतः मोजून चढवलं, ती दाराशी येऊन वर गेली नाही? गाडीत बसताना तू माझ्याकडं बघितलं नाहीस. मी स्वतःची समजूत घातली की दमली असेल, तिला माहीत नसेल, तिला कुणी विचारलंच नसेल. महिनाभर मी मनातल्या मनात तुझी वकिली केली. आणि परवा सळई दाखवून खाली आल्यावर मी चिडून बोलले की साहेब, माझ्या पोरीला हे कळलं तर ती तुम्हाला सोडायची नाही. तर ते आश्चर्यानं माझ्याकडं बघायला लागले. चेष्टेनं नाही, खरोखरच्या आश्चर्यानं. म्हणाले, आवं बाई, सोनियाला इचारूनच केलंय की समदं. म्या फोन लावला, ती म्हनली कार्यक्रमापुरतं करा, नंतर बघू. पाचगणीचं काम तिलाच दिलंय न्हवं.

त्या वेळी समोर चार माणसं होती, म्हणून मी नमस्कार करून निघाले. खोलीत आले आणि खाटेवर बसून राहिले. लालासाहेबांचा मला राग येतो, पण किळस नाही येत, कारण त्यांना कळतच नाही. पाणी दिलं म्हणजे चांगलं केलं असंच त्यांना अजून वाटतं. तुला सगळं कळतं. त्या हिरवळीला किती पाणी लागतं, ते कुठनं येणार, कुणाच्या बादलीतनं येणार, त्या मातीखाली काय आहे आणि ते फाटलं तर कुणाच्या डोक्यावर येणार, हे ह्या तालुक्यात तुझ्याइतकं कुणालाच कळत नाही. आणि तू म्हणालीस, कार्यक्रमापुरतं करा. सोनू, ते वाक्य मी तुझ्या आवाजात ऐकून बघितलं. किती सहज निघालं असेल गं तुझ्या तोंडून. मला तुझी शिसारी आली. लिहिलंय ते खोडत नाही. पाचगणीला पाऊस कोसळतो, तिथं हवी तेवढी हिरवळ लाव, कोण नको म्हणतंय? पण इथं, आपल्या माळावर, तुझ्याच खाटेच्या वर?

माझी नोकरी जाईल, तर जाऊ दे. निवृत्तीला तसंही फार दिवस उरले नाहीत आणि आप्पांच्या मेंढरांमागं हिंडायला मला लाज वाटत नाही. आज सकाळीच मी गच्चीच्या नळाचा व्हॉल्व्ह बंद केला आणि त्याची मूठ काढून घेतली. पोरींनी आज डोक्यावरनं अंघोळी केल्या, हसण्याखिदळण्याचा आवाज ऑफिसापर्यंत येत होता. ह्या उन्हात ती हिरवळ रविवारपर्यंत काय टिकत नाही. पण हे सांगायला मी पत्र लिहिलेलं नाही. रविवारचा एक बेत लालासाहेबांनी तुझ्यापासून लपवून ठेवलाय, तुला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून. पुरस्कार मंत्री देणार, पण त्याआधी तुझा सत्कार आईच्या हातून करायचा ठरलाय. माझं नाव पुकारणार, मी स्टेजवर येऊन तुला शाल घालणार, लोक डोळे पुसणार. मी हो म्हटलंय. शाल माझ्याकडं आणून दिली आहे. पण मी मंडपात नसेन. माझं नाव पुकारतील तेव्हा मी ती शाल घेऊन वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, सळई उघडी पडलीय तिच्याखाली उभी असेन, आणि उत्कर्षा मंडपात उठून सगळ्यांना सांगेल की बाई वर आहेत, सत्कार वर आहे. मग मंत्री येतील, फोटोवाले येतील, लालासाहेब येतील, आणि सगळ्यांच्या मधून तुलाही यावं लागेल. तसं झालं तर मी एक शब्द बोलणार नाही, फक्त वर बोट दाखवेन. ते मला करायचं नाहीये, सोनू. म्हणून तुला आधी कळवतेय. शनिवारी ये. एकटी ये, कुणाला न सांगता ये, त्या दोघी पोरींना त्या खोलीतनं बाहेर काढ आणि ही गच्ची बंद करा असं तुझ्या सहीनं लिहून दे. आलीस तर जी शाल त्यांनी दिली आहे ती मी तुला तिथंच घालीन, फोटोवाला नसला तरी.

तुझीच,
आई